पहिल्या नावाचं आद्याक्षर, पुढे हाकेचं नाव: कागदपत्रं न बिघडवता हे कसं करायचं

नोकरीवर रुजू होणाऱ्यांची कागदपत्रं तपासणं हे माझं ऐरोलीतलं रोजचं काम. त्यात एक घोळ इतका सारखा समोर येतो की तो एकदा क्रमाने लिहून काढणं गरजेचं वाटलं. काही जणांची नावं दोन असतात. पहिलं आजोबांचं किंवा राशीवरून ठेवलेलं, दुसरं रोजच्या हाकेचं. शाळेत, कॉलेजात, ऑफिसात सगळे त्यांना दुसऱ्या नावानेच ओळखतात. मग पहिल्या नावाचं नुसतं आद्याक्षर लावून, पुढे हाकेचं नाव आणि आडनाव, असं लिहायची सवय लागते. यात गैर काहीच नाही. नाव माणसाचं स्वतःचं आहे आणि आवडीच्या नावाने ओळखलं जाण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. बिघडतं ते हे आद्याक्षर भलत्या कागदावर गेलं की, आणि त्याहून जास्त, हाकेचं नाव भलत्या रकान्यात बसलं की.

समजायला सोपं जावं म्हणून लेखभर एकच काल्पनिक नाव धरू: विश्वनाथ निखिल अरुण साळवी. विश्वनाथ हे आजोबांचं, निखिल हाकेचं, अरुण वडिलांचं, साळवी आडनाव. त्याला ‘व्ही. निखिल साळवी’ असं लिहायला आवडतं.

महाराष्ट्रात फॉर्मचा मधला रकाना वडिलांचा, लग्नानंतर बऱ्याच बायकांच्या बाबतीत नवऱ्याचा. ठाण्यातला कुठलाही क्लार्क ‘मधलं नाव’ म्हटलं की वडिलांचं नाव विचारतो आणि टाकतो. त्यामुळे निखिल मधल्या रकान्यात एकटा गेला, तर वाचणारा बेधडक समजतो की मुलाचं नाव विश्वनाथ आणि बापाचं नाव निखिल. पुढच्या कागदावर वडिलांचं नाव अरुण दिसलं की दोन माणसं असल्याचा संशय येतो. खालचे सगळे टप्पे हा एक गैरसमज टाळण्यासाठी आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नका. निम्म्या चुका क्रम उलटा झाल्यामुळेच होतात.

टप्पा १: सगळे कागद समोर ठेवा आणि नाव उतरवून काढा

आठवणीतून काही लिहू नका. कागद हातात घ्या आणि वहीच्या एका पानावर प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं उतरवा. किमान एवढे कागद हवेत:

जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, पीएफचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर), मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट असेल तर तो, आणि घर नावावर असेल तर इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट.

उतरवताना तीन गोष्टी बघायच्या. इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर तेच आहे का (विश्वनाथमध्ये कुठे व्ही, कुठे डब्ल्यू, हे फार आढळतं). दोन नावांच्या मध्ये जागा आहे का की ती चिकटली आहेत. आणि आधारवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी एकमेकींशी जुळतात का. मराठी ओळ कोणी वाचतच नाही. तिथे ‘निखील’ आणि दाखल्यावर ‘निखिल’ असतं, आणि ते शासकीय योजनेच्या अर्जाच्या वेळी अचानक उघड होतं.

दहावीच्या कागदाकडे विशेष लक्ष द्या. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं: साळवी विश्वनाथ निखिल अरुण. आईचं नाव वेगळ्या ओळीत असतं. राज्याबाहेरची यंत्रणा किंवा एखादं सॉफ्टवेअर हेच नाव डावीकडून वाचतं आणि शेवटचा शब्द आडनाव धरतं. मग मुलगा ‘मिस्टर अरुण’ होतो. बाहेरच्या राज्यातल्या कॉलेजचं ओळखपत्र किंवा पहिल्या नोकरीचं नेमणूक पत्र असं निघालं असेल, तर ते आत्ताच वहीत लाल शाईने टिपून ठेवा.

*तपासून घ्या:* पानावर ज्या ज्या ओळीत नुसतं आद्याक्षर दिसतंय, तिच्यापुढे खूण करा. खूण झालेला प्रत्येक सरकारी किंवा बँकेचा कागद पुढे दुरुस्त करायचा आहे.

टप्पा २: एकच पूर्ण नाव ठरवा

दहावी झालेल्या माणसासाठी पाया म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र. लहान मुलांसाठी जन्मदाखला. या पायावर जे नाव आहे ते पूर्ण, एकही अक्षर न गाळता, पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा. यापुढे हेच तुमचं कागदावरचं नाव. आता तुम्ही खालच्यापैकी कुठे बसता ते बघा.

दोन्ही नावं पायावर आहेत. विश्वनाथही आहे, निखिलही आहे. सर्वांत सोपी स्थिती. नाव बदलायचं नाही, राजपत्र (शासनाचं गॅझेट) नको, जाहिरात नको. फक्त बाकीचे कागद या नावाशी जुळवायचे. माझ्यासमोर येणाऱ्यांत बरेच जण याच गटातले असतात आणि तरीही कोणीतरी सांगितलं म्हणून गॅझेटचे पैसे भरून आलेले असतात.

पायावर फक्त विश्वनाथ आहे, निखिल कुठेच नाही. इथे ‘व्ही. निखिल साळवी’ या नावाला कागदाचा काहीच आधार नाही. मित्रांत, कामाच्या ठिकाणी हाक म्हणून ते चालेल. पण त्या नावाने करार, पावत्या, चेक सुरू झाले असतील तर राजपत्रातून निखिल नावात घालून घ्या.

काही कागदांवर विश्वनाथ, काहींवर निखिल. ही खरी अवघड स्थिती. दोन वेगळी माणसं दिसतात. इथेही राजपत्र लागतं, आणि तोवर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र.

नवी मुंबईतल्या मूळ गावांतल्या कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोलीच्या गावठाणात सातबाऱ्यावर आणि सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेच्या (संपादित जमिनीच्या बदल्यात भूखंड देणारी) जुन्या कागदांवर आजोबा-वडिलांची नावं हाकेची लागलेली असतात, आद्याक्षरासकट. जमिनीच्या कागदावर ज्या नावाने हक्क लागला आहे, ते नाव दुसऱ्या कागदांवरून पुसून टाकू नका. अशा ठिकाणी खरेदीखत, मृत्युपत्र, वारसनोंद यांत ‘विश्वनाथ ऊर्फ निखिल’ असं लिहिणं उपयोगाचं ठरतं, आणि ते वकिलाकडूनच लिहून घ्यावं.

*सावधान:* ‘ऊर्फ’ हा शब्द आधार, पॅन किंवा बँकेच्या फॉर्ममध्ये घालू नका. तिथे तो नावाचाच एक शब्द म्हणून छापला जातो आणि पुढे कशाशीच जुळत नाही.

टप्पा ३: रकान्यांचं गणित समजून घ्या

फॉर्म भरण्याआधी त्यात नावाला किती रकाने आहेत ते बघा. एक, दोन की तीन, यावर सगळं अवलंबून आहे.

एक रकाना असेल, जसा आधारमध्ये असतो, तर पूर्ण नाव ओळीने लिहा: विश्वनाथ निखिल अरुण साळवी. आडनाव शेवटी. इथे चूक करायला जागाच कमी, म्हणून सगळी साखळी आधारपासून सुरू करायची.

दोन रकाने असतील, जसे पासपोर्टला असतात, तर आडनावाच्या रकान्यात साळवी आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात बाकीचं सगळं. पासपोर्टच्या अर्जात आद्याक्षरं चालत नाहीत, नाव उलगडून लिहावं लागतं. वडिलांचं नाव तिथे वेगळंही विचारतात, म्हणून काही जण दिलेल्या नावातून अरुण गाळतात. तुमच्या आधारवर आणि दहावीवर अरुण असेल तर गाळू नका. सगळीकडे सारखा शब्दक्रम राहणं जास्त मोलाचं. आणि आडनावाचा रकाना रिकामा कधीच सोडायचा नाही. पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही, असा नियम संयुक्त अरब अमिरातीने २०२२च्या नोव्हेंबरमध्ये लावला, तेव्हा अशांची चांगलीच धावपळ झाली होती.

तीन रकाने असतील, जसे पॅनला आणि बहुतेक बँकांच्या फॉर्ममध्ये असतात, तिथेच गडबड होते. बरोबर पद्धत अशी: पहिल्या रकान्यात ‘विश्वनाथ निखिल’ दोन्ही, मध्ये एक जागा सोडून. मधल्या रकान्यात अरुण. शेवटच्या रकान्यात साळवी. फॉर्मवर चौकोन छापलेले असतील तर दोन नावांच्या मध्ये एक चौकोन चक्क रिकामा ठेवायचा. काउंटरवरचा माणूस म्हणेल, ‘दुसरं नाव मधे टाका’. शांतपणे सांगायचं की दोन्ही माझीच नावं आहेत, वडिलांचं नाव पुढे आहे.

काही वेबसाइट पहिल्या रकान्यात जागा सोडूच देत नाहीत. तेव्हा नावं चिकटवून ‘विश्वनाथनिखिल’ करू नका. त्यापेक्षा निखिल अरुण दोन्ही मधल्या रकान्यात टाका. पूर्ण नाव जोडून वाचलं की शब्द तेच आणि क्रम तोच राहतो. आधारवरून नाव आपोआप भरलं जातं तेव्हाही काही यंत्रणा पहिला शब्द पहिल्या रकान्यात, शेवटचा शेवटच्या रकान्यात आणि उरलेलं सगळं मध्ये ढकलतात. ते चालून जातं. चालत नाही ते फक्त शब्द गाळणं, चिकटवणं आणि आद्याक्षर करणं.

*तपासून घ्या:* ‘सबमिट’ करण्याआधीच्या स्क्रीनवर तीनही रकाने सलग मोठ्याने वाचा. तुमच्या पानाच्या वर लिहिलेलं नाव ऐकू आलं तर पुढे जा.

टप्पा ४: राजपत्र, पण गरज असेल तरच

पहिल्या गटात बसणाऱ्यांनी हा टप्पा सोडून द्यावा.

नावबदलाच्या सूचना महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापल्या जातात. हे काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाचं. त्यांचं कार्यालय मुंबईत चर्नी रोडला आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो, ठाण्याहून तिकडे खेटे घालायची गरज नाही. छापलेली सूचना पीडीएफ म्हणून मिळते.

अर्जात जुनं नाव आणि नवं नाव अशा दोन ओळी असतात. जुन्या ओळीत पायावर आहे तेच पूर्ण नाव: विश्वनाथ अरुण साळवी. नव्या ओळीत: विश्वनाथ निखिल अरुण साळवी. लोक इथेच हौसेने नव्या ओळीत ‘व्ही. निखिल साळवी’ भरतात. ते तसंच छापून येतं, आणि मग आद्याक्षर हेच तुमचं कायदेशीर पहिलं नाव होऊन बसतं. पासपोर्टवाले ‘व्ही म्हणजे काय’ विचारणार, आणि वडिलांचं नाव गेल्याचा गोंधळ वेगळाच. विश्वनाथ अजिबात नको असेल तर सरळ ‘निखिल अरुण साळवी’ करा. पण मग आद्याक्षरही सोडा.

राजपत्रातल्या या पानांवर स्पष्ट छापलेलं असतं की सूचना अर्जदाराने दिलेल्या माहितीवरून घेतली आहे आणि तिच्या खरेपणाची जबाबदारी शासनाची नाही. म्हणजे तुमचं स्पेलिंग तिथे कोणी सुधारणार नाही. एजंटाकडून अर्ज भरून घेत असाल तर त्याला नाव फोनवर सांगू नका. कागदावर लिहून द्या, आणि त्याने भरलेला अर्ज स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे भरू देऊ नका.

*सावधान:* राजपत्र निघालं म्हणून दहावीचं प्रमाणपत्र बदलत नाही. ते जुन्याच नावाचं राहतं आणि यापुढे त्याच्यासोबत राजपत्राचं पान कायम जोडावं लागतं. पीडीएफच्या तीन-चार प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जपा. दाखल्यात मुळातच छपाईची चूक असेल तर ती गोष्ट वेगळी. त्या दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. ठाणे जिल्ह्यासाठी मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय वाशीला आहे म्हणून लोक थेट तिकडे धडकतात आणि ‘शाळेकडून आणा’ ऐकून परततात. आधी शाळेत जा, जनरल रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत मागा.

प्रतिज्ञापत्राबद्दल थोडक्यात. ठाण्यात कोर्ट नाक्यावर, नवी मुंबईत बेलापूरच्या कोर्टाजवळ नोटरी सहज मिळतात. २०२४च्या ऑक्टोबरपासून किमान मुद्रांक १०० रुपयांवरून ५०० झाला. पण सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे. म्हणून ते कुठे द्यायचं आहे हे आधी सांगा, नाहीतर ५०० चा कागद उगाच लागतो. मजकुरात तुमच्या नावाची आढळलेली सगळी रूपं, आणि कुठल्या कागदावर कुठलं, हे दोन्ही हवं. नुसतं ‘दोन्ही नावं माझीच’ इतकंच असेल तर तो कागद पुढे कोणी धरत नाही.

टप्पा ५: दुरुस्तीचा क्रम

आधी आधार. मग पॅन. मग बँक. मग पीएफ. मग बाकीचे. पासपोर्ट शेवटी.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. या एका नियमामुळे घाई करायची नाही. लग्न ठरलेल्या मुलींना मी आवर्जून सांगते: हाकेचं नाव घालायचं आहे आणि सासरचं आडनावही लावायचं आहे, तर दोन्ही एकाच खेपेत करा. आधी एक आणि सहा महिन्यांनी दुसरं, असं केलं की दोन्ही संधी संपतात. मग तिसऱ्या वेळी आधारच्या विभागीय कार्यालयाचा दरवाजा गाठावा लागतो. केंद्रावर जाताना पूर्ण नाव असलेला पुरावा मूळ प्रतीत न्या. बदल मोठा असेल तर राजपत्रही. नावाच्या दुरुस्तीला १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये लागतात. ऑपरेटर टाइप करत असताना समोरचा स्क्रीन तुमच्याकडे वळलेला असतो तो याचसाठी: मराठी ओळ आणि इंग्रजी ओळ दोन्ही वाचा, पावतीवरही वाचा, आणि मगच उठा.

पॅनचा अर्ज ऑनलाइन होतो. (पॅनचं काम करणाऱ्या यूटीआयआयटीएसएलचं कार्यालय सीबीडी बेलापूरलाच आहे, पण नाव सुधारायला तिथपर्यंत जावं लागत नाही.) पॅनच्या अर्जात कार्डावर कसं नाव छापायचं यासाठी वेगळी ओळ राहत आली आहे आणि तिथे आद्याक्षरांचा मोह होतो. करू नका. तिथेही पूर्ण नाव. पॅन आणि आधार जोडताना दोन्हींवरचं नाव, जन्मतारीख आणि लिंग ताडून बघितलं जातं, आणि नाव फार वेगळं असेल तर जोडणी अडते.

बँकेत आधार आणि पॅन दोन्ही सुधारल्यावरच जा. एकच सुधारलेलं घेऊन गेलात तर बँक दोनांपैकी तिला सोयीचं नाव लावते. मुदत ठेवी, लॉकर आणि नॉमिनेशन ही तीन ठिकाणं वेगळी सांगून सुधारून घ्यावी लागतात. बचत खातं सुधारलं की ती आपोआप सुधारतात असं धरून चालू नका.

पीएफमध्ये यूएएनवरचं नाव आधारशी जुळलंच पाहिजे. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी पडताळलेला असेल, तर जानेवारी २०२५ पासून नाव स्वतःच ऑनलाइन सुधारता येतं. त्याआधीचा असेल तर कंपनीमार्फत जॉइंट डिक्लेरेशन (तुमचं आणि कंपनीचं संयुक्त निवेदन). नोकरी सोडण्याआधी हे करून घ्या. कंपनी बंद पडली किंवा तिथले ओळखीचे लोक गेले की हेच काम कितीतरी जड जातं.

मतदारयादीसाठी फॉर्म ८. लायसन्ससाठी परिवहन खात्याचं सारथी पोर्टल.

पासपोर्ट शेवटी, कारण तिथे बाकीचे सगळे कागद एकमेकांशी ताडले जातात. वागळे इस्टेटच्या सेवा केंद्रात काउंटरवर पोहोचल्यावर आधारवर एक आणि पॅनवर एक निघालं तर तो दिवस वाया. अर्जात दोन प्रश्न असतात: तुम्हाला आणखी कुठल्या नावाने ओळखतात का, आणि तुम्ही कधी नाव बदललं आहे का. राजपत्र केलं असेल तर दुसऱ्याचं उत्तर ‘होय’ आणि जुनं नाव पूर्ण. इथे लपवाछपवी करू नका.

*सावधान:* व्हिसाचा अर्ज किंवा परदेशाचं तिकीट हातात असेल तर प्रवास होईपर्यंत कुठल्याच कागदावरचं नाव हलवू नका.

टप्पा ६: आता आद्याक्षर वापरा, योग्य जागी

कागद सरळ झाले की हाकेच्या नावाला भरपूर मोकळीक आहे. व्हिजिटिंग कार्ड, ईमेलमधलं दिसणारं नाव, दारावरची पाटी, सोसायटीच्या लॉबीतला फलक, लेखाखालचं नाव, सही. ऑफिसात रुजू होताना एचआरला स्पष्ट सांगा की पगाराच्या नोंदीत पूर्ण नाव आणि ईमेल, ओळखपत्रावर निखिल साळवी किंवा व्ही. निखिल साळवी. बहुतेक ठिकाणी दोन वेगळी नावं ठेवता येतात. पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर ईमेल विश्वनाथच्या नावाने निघतो आणि नंतर कोणी बदलत नाही.

सहीत पूर्ण नाव दिसलंच पाहिजे असा नियम नाही. ‘व्ही. निखिल’ अशी सही खुशाल करा, पण बँक, पॅन, पासपोर्ट तिन्हीकडे तीच.

आद्याक्षर मराठीत कसं लिहायचं हे मात्र विचार करून ठरवा. आपल्याकडे दोन रीती आहेत. इंग्रजी अक्षराचा उच्चार, किंवा मराठी नावाचं पहिलं अक्षर मात्रेसकट. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख हेच मराठीत चिं. द्वा. देशमुख. दोन्ही बरोबर. आपल्या विश्वनाथचं ‘व्ही. निखिल साळवी’ किंवा ‘वि. निखिल साळवी’. एक निवडा आणि पाटीपासून पत्रापर्यंत तेच ठेवा. दारावर ‘वि. नि. साळवी’ केलंत तर हाकेचं नाव पुन्हा दडलं आणि नि. हे वडिलांचं समजलं जाणार.

मराठी अक्षर निवडणाऱ्यांनी तीन अक्षरांपासून जपावं. श्रीनिवास आदित्यचं ‘श्री. आदित्य’ केलं तर ते नुसतं आदरार्थी ‘श्री.’ वाटतं, आद्याक्षर म्हणून कोणी वाचतच नाही. सौदामिनी रेवतीचं ‘सौ. रेवती’ झालं की मुलगी विवाहित ठरते. कुसुम अनघाचं ‘कु. अनघा’ झालं की उलट. या तीन ठिकाणी इंग्रजी अक्षरच बरं: एस. आदित्य, एस. रेवती, के. अनघा.

आडनाव गाळून नुसतं ‘व्ही. निखिल’ एवढंच वापरायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या. व्ही. शांताराम यांच्या नावातला ‘व्ही.’ म्हणजे त्यांचं आडनाव, वणकुद्रे. नाव शांताराम, वडील राजाराम. असं वाचायची सवय आपल्या लोकांना आहे. नेरुळ-वाशीत दक्षिणेकडचे शेजारीही भरपूर, आणि त्यांच्यात पुढचं आद्याक्षर वडिलांचं किंवा गावाचं असतं. म्हणजे ‘व्ही. निखिल’ वाचून कोणालाही तुमचं पहिलं नाव सुचणार नाही. आडनाव सोबत ठेवा, गोंधळ कमी होतो.

डॉक्टर, वकील, सीए यांनी लेटरहेड आणि शिक्क्यावर आपापल्या परिषदेच्या नोंदणीत जे नाव आहे तेच ठेवावं. प्रमाणपत्र देणाऱ्याचं नाव नोंदणीशी जुळलं नाही तर त्रास पेशंटला किंवा अशिलाला होतो.

टप्पा ७: पैसे येतात तिथे पूर्ण नाव

क्लासेस, सल्ला, डिझाइन, गाणं शिकवणं अशी स्वतःची कामं करणाऱ्यांची गाडी इथे अडकते. पावतीवर वर ‘व्ही. निखिल साळवी’ छापा, पण खाली बँकेच्या तपशिलात खात्यावरचं पूर्ण नाव लिहा आणि त्याशेजारी ‘चेक याच नावाने’. ‘व्ही. निखिल साळवी’ नावाचा चेक बँक परत करू शकते, आणि समोरच्याकडून दुसरा चेक मागताना अवघडायला होतं. यूपीआयवर पैसे पाठवणाऱ्याला बँकेतलं नाव दिसतं, तुम्ही ॲपमध्ये काही का ठेवलेलं असेना. त्यामुळे नव्या ग्राहकाला आधीच कळवा: ‘विश्वनाथ निखिल अरुण साळवी असं नाव दिसेल, तो मीच.’ हल्ली फसवणुकीच्या भीतीने लोक अनोळखी नाव दिसलं की पैसे थांबवतात, आणि ते बरोबरच करतात.

भाडेकराराचंही तसंच. करारात पूर्ण नाव. दाराच्या पाटीवर हवं ते.

विमानाच्या तिकिटावर पासपोर्टचं नाव जसंच्या तसं. आडनावाच्या रकान्यात साळवी, पहिल्या नावाच्या रकान्यात उरलेली तीनही. छापून आल्यावर ती तीन नावं चिकटलेली दिसतात आणि शेवटी ‘एमआर’ही (मिस्टर) लागतो. ते विमान कंपन्यांच्या यंत्रणेचं आहे, घाबरून रद्द करू नका. आद्याक्षराने काढलेलं तिकीट मात्र लगेच दुरुस्त करून घ्या, विमानतळावर पोहोचण्याआधी.

टप्पा ८: आता मुलाचं नाव दोन शब्दांचं ठेवत असाल तर

आजीच्या समाधानासाठी एक आणि हाकेचं एक, अशी दोन नावं आजही ठेवली जातात. ठेवा, पण हे माहीत असू द्या: १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव राज्याच्या शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहिलं जातं. म्हणजे चार शब्द ठरलेलेच. त्यात हाकेचं दुसरं नाव आलं की पाच. लांब नाव रकान्यात मावलं नाही की शेवटचे शब्द कापले जातात, आणि शेवटी आडनाव असतं.

म्हणून शक्य असेल तर हाकेचं नाव पहिलं ठेवा. आजोबांचं नाव दुसरं आलं तरी मान तोच राहतो, आणि मुलाला आयुष्यभर आद्याक्षराची कसरत करावी लागत नाही. दोन्ही घरांत बोलून हे बारशाआधी ठरवा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे त्याच्यावरचं नाव पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालं आहे. दाखल्यात बाळाचं नाव नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं आणि विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा घातलं की मनात आलं म्हणून बदलता येत नाही. महापालिकेच्या नोंदणी कार्यालयात जाताना नाव कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून न्या, आणि दाखला हातात आला की काउंटरवरच वाचा.

शाळेत प्रवेश घेताना ‘विद्यार्थ्याचं नाव’ या रकान्यात दोन्ही नावं गेली का ते बघा, कारण आधार, शाळेची ऑनलाइन नोंद आणि अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) यांत नाव जुळावं लागतं. दहावीच्या वर्षी मंडळाची प्री-लिस्ट (तपासणीसाठीची नावांची यादी) शाळेत येते. पालकांना सहीसाठी बोलावतात तेव्हा बहुतेक जण घाईत सही करून निघतात. त्या दिवशी जन्मदाखला सोबत न्या, दोन्ही कागद शेजारी ठेवा, नाव अक्षरशः बोट ठेवून वाचा, आणि चूक असेल तर तिथल्या तिथे लेखी द्या. प्रमाणपत्र छापून आल्यावर तीच चूक सुधारायला शाळा, शिक्षण विभाग आणि वाशी असे तीन जिने चढावे लागतात.